सॅन डिएगोत चांगला फिश टाको शोधायचाय? आधी कढई बघा

प्रश्न थोडक्यात असा होता, की पुण्याहून दोन महिन्यांपूर्वी सॅन डिएगोला आलोय, घरात सगळे मासेखाऊ, ऑफिसातले लोक म्हणतात इथे येऊन फिश टाको खाल्ला नाही तर काय खाल्लं, म्हणून तीन ठिकाणी खाल्ला आणि तिन्ही ठिकाणी सादळलेलं भजं पोळीत गुंडाळून दिल्यासारखा लागला. रेटिंग मात्र तिन्हींचं साडेचारच्या वर. तर आपल्या एरियात चांगला फिश टाको शोधायचा कसा?

मी मूळचा वेंगुर्ल्याचा, सोळा वर्षं झाली इथल्या किचनमध्ये काम करतोय, त्यातली सात वर्षं नुसती तळणीवर गेली, त्यामुळे ह्या प्रश्नावर मला बरंच बोलायचंय, लांबलं तर वाचून घ्या.

पहिली गोष्ट, तुम्हाला जे सादळलेलं लागलं ते बरोबरच लागलं, तुमच्या जिभेचा दोष नाही. फिश टाको म्हणजे पिठात बुडवून तळलेली माशाची तुकडी, मक्याची टॉर्टिया म्हणजे पातळ पोळी, कच्चा कोबी, वरून पातळ क्रीम, साल्सा म्हणजे तिखट चटणी, लिंबू. बस एवढंच. आणि हा सगळा पदार्थ तेलातून बाहेर आल्यापासून फार तर पाच मिनिटं जिवंत असतो. आत मासा गरम असतो, त्यातून वाफ सुटत राहते, ती वाफ पिठाच्या कवचातून बाहेर जायला बघते, कवच उघड्यावर असेल तर जाते आणि डब्यात बंद असेल तर तिथेच मुरते. वरून क्रीम आणि साल्साचं पाणी, खालून टॉर्टियाचा ओलावा. कांदाभजी डब्यात भरून अर्ध्या तासाने खाल्ली की काय होतं ते आपल्याला माहितीये, इथे तर बेसनही नाही, मैदा आहे, तो अजून लवकर लोळागोळा होतो. म्हणून फिश टाको घरी डिलिव्हरीने मागवूच नका, कितीही चांगल्या ठिकाणाहून मागवला तरी तो तसाच लागणार. आणि रेटिंगचं म्हणाल तर लोक तिथला समुद्र, बिअर, पार्किंग, वेटरचं हसणं ह्या सगळ्याला मिळून स्टार देतात, तळणीला कोणी वेगळे स्टार देत नाही.

म्हणून माझा नियम एकच, दुकान बघायचं नाही, कढई बघायची. ऑर्डर देण्याआधी पाच मिनिटं बाजूला उभं राहायचं आणि तेलापासून गिऱ्हाइकाच्या हातापर्यंत मासा किती वेळात पोचतोय ते बघायचं. गाडीवर हे सोपं असतं कारण सगळं समोरच चाललेलं असतं, रेस्टॉरंटमध्ये ओपन किचन असेल तर दिसतं, नाहीतर निदान कान द्यायचा. ऑर्डर गेल्यावर पीठ तेलात पडल्याचा चर्र आवाज आला पाहिजे. ऑर्डर दिली आणि दीड मिनिटात प्लेट समोर आली, तर तो मासा आधीच तळून ठेवलेला होता हे पक्कं समजा. ऑर्डरनंतर तळून, जुळवून द्यायला निदान चार-पाच मिनिटं लागतातच.

हे मी इतक्या खात्रीने सांगतोय कारण मी ते केलेलं आहे. सुरुवातीला बीचजवळच्या एका मोठ्या रेस्टॉरंटमध्ये होतो, तिथे सकाळी दहा वाजता दोनशेच्या आसपास तुकड्या अर्धवट तळून ट्रेमध्ये लावून ठेवायच्या आणि ऑर्डर आली की चाळीस सेकंद परत तेलात सोडायच्या असा शिरस्ता होता. रंग मस्त यायचा, फोटोत तर काही कळायचंच नाही, पण मासा आत कोरडा ठणठणीत व्हायचा आणि कवचाची दुसऱ्यांदा तळून जी वातड चामडी होते ती दाताखाली कळायची. मॅनेजरला दोनदा सांगून बघितलं, आठ महिन्यांनी मी ती नोकरी सोडली. तुम्ही ज्या तीन ठिकाणी खाल्लंत त्यातल्या एक-दोन ठिकाणी असंच असणार असा माझा अंदाज.

आता चांगलं काम कसं दिसतं ते सांगतो. लोगन हाइट्सच्या बाजूला एक गाडी लागते, तिथे तळणीवर साठीच्या आसपासच्या एक बाई असतात, मी त्यांच्याकडे कितीतरी वेळा नुसता बघत उभा राहिलोय. बोटाएवढी जाड, वीतभराहून थोडी कमी लांब तुकडी, ती आधी कोरडी पुसलेली, मग पिठात बुडवतात आणि सरळ तेलात टाकत नाहीत, चिमट्याने एक टोक धरून अर्धी तुकडी तेलात, अर्धी वर, अशी तीन-चार सेकंद हलवत धरतात, पीठ फुगून कवच धरलं की मगच सोडतात, म्हणजे ती तळाला जाऊन चिकटत नाही. एका घाण्यात सहाच्या वर तुकड्या नाहीत, रांग कितीही असो. कारण एकदम पंधरा टाकल्या की तेल थंड पडतं आणि पीठ तळण्याऐवजी तेल पिऊन घेतं. तेल साधारण 175 ते 190 सेल्सिअसमध्ये राहायला हवं, त्या थर्मामीटर वापरत नाहीत, पिठाचा थेंब टाकून बघतात, आपल्याकडे भज्याला बघतात तसंच. बाहेर काढल्यावर तुकडी जाळीवर उभी करतात, कागदावर आडवी नाही, खालची बाजू पण मोकळी राहिली पाहिजे. हे सगळं ज्या ठिकाणी दिसेल तिथे डोळे मिटून ऑर्डर द्या.

तेलाचं अजून थोडं. गाडीच्या जवळ गेल्यावर खवट किंवा जुन्या रंगासारखा वास आला तर परत फिरा. तळताना बुडबुडे येणारच, ते मोठे आणि पटकन फुटणारे असतात, पण तेलावर साबणासारखा बारीक पिवळट फेस साचून राहत असेल तर ते तेल संपलेलं आहे, त्यात हलवा माशाचा तुकडा तळला तरी करपटच लागेल. दरवाजावर काउंटीचं, म्हणजे इथल्या जिल्ह्याचं, ग्रेड कार्ड असतं, ए, बी, सी, नव्वद किंवा त्याच्या वर मार्क असतील तर ए मिळतो, ते बघाच, पण त्यातून स्वच्छता कळते, चव नाही.

आता माशाकडे येतो, कारण आपल्या लोकांचा पहिला प्रश्न हाच असतो की मासा ताजा आहे का. हा टाको मुळात मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियाचा, तिथलं एन्सेनादा शहर म्हणतं आमचा, पलीकडच्या आखातावरचं सान फेलिपे म्हणतं आमचा, तो वाद चालूच राहणार. तिथे जुनी पद्धत होती ती छोट्या शार्कची, काझोन आणि आंखेलितो म्हणतात, म्हणजे आपला मोरी मासाच म्हणा ना! स्वस्त, काटा नाही, मांस घट्ट, तळणीत फुटत नाही. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला फार बरं वाटलं, कारण आमच्याकडे मोरीच्या मटणावर, म्हणजे मोरीच्या रश्श्यावर, जेवढा जीव तेवढाच त्या लोकांचा ह्या टाकोवर. फक्त एक, घरात कोणी गरोदर असेल किंवा लहान मुलं असतील तर शार्क टाळा, पाऱ्याचं प्रमाण जास्त असतं, इथलं एफडीए म्हणजे अन्न-औषध खातं पण टाळायलाच सांगतं.

सॅन डिएगोत आता बहुतेक ठिकाणी पोलॉक किंवा कॉड असतो, स्वस्तातल्या ठिकाणी स्वाई, जो आपल्याकडच्या हॉटेलात बासा म्हणून सुरमईच्या भावात गळ्यात मारतात त्याच जातकुळीतला. बासाची खूण म्हणजे मांस पांढरंफटक, मऊ, पापुद्रे सुटत नाहीत, चिखलासारखी मागून एक चव येते. विचारायला लाजू नका, 'के पेस्कादो एस?' एवढं म्हटलं तरी कळतं, आणि चांगल्या ठिकाणचा माणूस लगेच नाव सांगतो. जो नुसतंच 'व्हाइट फिश' म्हणतो तिथे मी तरी खात नाही. पण ताजा की फ्रोझन ह्यावर फार अडून बसू नका असं माझं मत आहे, आणि हे मासळीच्या गावात वाढलेला माणूस सांगतोय. पिठातल्या टाकोत नीट उतरवलेला, नीट पुसलेला फ्रोझन पोलॉक आणि चांगली तळणी, हे ताज्या हॅलिबटला वाईट तळण्यापेक्षा कधीही सरस. ताज्या माशाची मजा हवी असेल तर 'आ ला प्लांचा' मागा, म्हणजे तव्यावर भाजलेला, त्यात मासा लपवायला जागाच नसते. पिठात तळलेल्याला 'कापेआदो' म्हणतात, ब्रेडचा चुरा लावलेल्याला 'एम्पानिसादो'. हे तीन शब्द पाठ करा, अर्धं काम झालं.

इथे एक महत्त्वाची गोष्ट, बऱ्याच मराठी घरांना उपयोगी पडेल. मासे चालतात पण बीफ चालत नाही अशी माणसं सोबत असतील, विशेषतः इंडियातून आई-बाबा आले असतील, तर साध्या टाको शॉपमध्ये प्लांचाचा मासा घेऊ नका, कारण त्याच तव्यावर कार्ने आसादा, म्हणजे बीफ, भाजलेलं असतं. मारिस्कोस लिहिलेलं ठिकाण शोधा, मारिस्कोस म्हणजे समुद्रातलं खाणं, तिथे बहुतेक करून मांस नसतंच, तरी एकदा विचारून घ्या. आणि मैद्याच्या टॉर्टियात, बीन्समध्ये डुकराची चरबी असू शकते, 'मान्तेका' हा शब्द लक्षात ठेवा, 'तिएने मान्तेका?' विचारलं की खरं सांगतात. मक्याच्या टॉर्टियात ती सहसा नसते.

टॉर्टिया मक्याचीच घ्या, चरबीचा प्रश्न नसला तरीसुद्धा. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, रात्रभर मुरवून, धुऊन वाटतात, त्याच्या पिठाची ती टॉर्टिया. चुन्यामुळे मक्याचं साल सुटतं, पीठ चिकट होऊन थापता येतं आणि तो खास वास येतो, गरम भाकरीला जसा स्वतःचा वास असतो तसा. चांगल्या ठिकाणी ती तव्यावर फुगेपर्यंत भाजून देतात. थंड पाकिटातली काढून नुसती वाफवलेली असेल तर दुमडताना मधोमध चिरते, आणि मग सगळं हातावर. दोन टॉर्टिया लावून देत असतील तर ती फाटू नये म्हणून केलेली सोय आहे, एक काढून ठेवली तरी चालतं.

कोबी कच्चा, केसासारखा बारीक चिरलेला आणि कोरडा हवा, लेट्यूस असेल तर तो टाको कोणीतरी मनाने बनवलाय. कोबी का, तर गरम माशावर पडला तरी कोमेजत नाही, करकरीत राहतो. क्रीम पातळ, किंचित आंबट, एक रेघ मारल्यासारखी, माशाला आंघोळ घातल्यासारखी नको. बऱ्याच ठिकाणी त्यात मेयो असतं म्हणजे अंडं आलं, ज्यांना चालत नाही त्यांनी 'सिन क्रेमा' सांगावं. लिंबाकडे मात्र मी आवर्जून बघतो. इथल्या दुकानात मिळतं ते मोठं, बिनबियांचं, जाड सालीचं लिंबू नुसतं आंबट असतं. जिथे छोटं, पातळ सालीचं, बियांचं लिंबू कापून ठेवलेलं दिसेल ते आपलंच कागदी लिंबू समजा, एकच जात आहे, इथे त्याला 'की लाइम' म्हणतात. ते थोडं महाग आणि कापायला किचकट, म्हणून जो दुकानदार ते ठेवतो तो बाकी गोष्टीतही हात आखडत नाही असा माझा अनुभव.

तीन वर्षांपूर्वी आई आली होती. तिला इंग्लिश येत नाही, स्पॅनिशचा तर प्रश्नच नाही. त्या लोगन हाइट्सच्या गाडीवर घेऊन गेलो, टाको हातात दिला तर तिने खायच्या आधी कोबी बोटाने बाजूला सारला, तुकडी मधून मोडली, आत डोकावून बघितलं, पापुद्रा सुटतोय का, पाणी निथळतंय का, काट्याजवळ लाल आहे का, जसं ती आयुष्यभर बाजारातून आणलेल्या माशाचं करत आली तसं. मग कोबी परत नीट लावला, खाल्ला, आणि गाडीतल्या बाईंकडे बघून नुसती मान हलवली. त्या बाईंनी काही न बोलता कागदी कपात माशाचं गरम कढण भरून आईच्या हातात दिलं. आई म्हणाली, "हिचा हात चांगला हा." त्यानंतर दोन महिन्यांत आम्ही तिथे अकरा वेळा गेलो.

ते कढण म्हणजे पण एक खूण आहे बरं का. मारिस्कोसच्या गाड्यांवर ऑर्डरची वाट बघताना छोट्या कपात 'कोन्सोमे' फुकट देतात, माशाच्या डोक्या-काट्याचं किंवा कोळंबीच्या सालांचं. ज्यांच्याकडे रोज अख्खा मासा किंवा सालासकट कोळंबी येते तेच हे करू शकतात, फक्त फ्रोझन पाकिटं फोडणाऱ्याकडे कढण करायला डोकी येणार कुठून. कप तोंडाला लावल्यावर माशाची गोडी लागली, नुसतं मीठ आणि टोमॅटो नाही, तर बिनधास्त पुढची ऑर्डर द्या.

आता कुठे जायचं. बीचच्या बाजूचं सोडा आणि दक्षिणेला चला, बॅरिओ लोगन, नॅशनल सिटी, चुला व्हिस्टा ह्या पट्ट्यात. मारिस्कोस हेर्मानच्या गाड्या आणि दुकानं बऱ्याच ठिकाणी आहेत, सुरुवात तिथून करा म्हणजे चांगल्याची एक पातळी जिभेला कळेल. बोनिटाकडचा टीजे ऑयस्टर बार पण चांगला, जागा लहान आहे, धीर धरा. रुबिओजचं नाव तुम्हाला सगळे सांगतील, राल्फ रुबिओने 1983 साली मिशन बेजवळ पहिलं दुकान काढलं, कॉलेजात असताना सान फेलिपेला खाल्लेला टाको त्याला इथे विकायचा होता, आणि फिश टाको ह्या शहराला माहीत झाला त्यात त्याचा वाटा खरंच मोठा आहे.

वेळ फार महत्त्वाची आहे, जागेएवढीच. दुपारी बारा ते दीड जा, घाण्यावर घाणा निघत असतो, तुमच्या वाट्याला शिळी तुकडी यायची शक्यताच नाही. तीन-चार वाजता तीच गाडी, तीच माणसं, पण मासा कमी ताजा लागेल. मंगळवारी टाकोवर ऑफर असतात म्हणून गर्दी, ती गर्दी आपल्या फायद्याची. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये, कधी एप्रिलपर्यंत, लेंट चालू असतो, आपल्या वसईची माणसं उपवासकाळ म्हणतात तोच, त्यातल्या शुक्रवारी कॅथलिक लोक मांस खात नाहीत, त्या दिवशी मासळीचा खप एवढा असतो की सगळ्या शहरात सगळ्यात चांगला टाको तेव्हा मिळतो. मी नवीन ठिकाण तपासायला नेहमी लेंटमधला शुक्रवारच निवडतो.

पहिल्या वेळी एकच टाको घ्या, उभ्याउभ्याच खा, आणि पहिला घास साल्सा न घालता. मीठ पिठात आहे का कळेल, ओरेगानो किंवा मोहरीचा हलका वास येतो का कळेल, मासा कळेल. मग दुसरा घ्या, त्यात साल्सा घाला, सोबत तव्यावर परतलेली पिवळी मिरची मागा. चार टाको एकदम मागवले की चौथा खाईपर्यंत तो मेलेला असतो, म्हणून दोन-दोन करून मागवा, त्यांना राग येत नाही, उलट कळतं की खाणारा जाणकार आहे.

एकदा जमवून एन्सेनादाला नक्की जा, टिजुआनाच्या पुढे साधारण 100 किलोमीटर, समुद्राकाठचा रस्ता. जायच्या आधी तुमची व्हिसाची कागदं नीट तपासा, परत येताना सॅन यिसिद्रोच्या बॉर्डरवर कित्येक तास जाऊ शकतात, दुपारीच निघा. तिथे मेर्कादो नेग्रो म्हणून मासळीबाजार आहे, आत शिरल्याबरोबर मला वेंगुर्ल्याच्या जेट्टीचा वास आला, तोच ओला फरशीचा, बर्फाचा, माशाचा. आजूबाजूला टाकोचे स्टॉल, आणि गावात ताकोस फेनिक्सची गाडी 1970 पासून रस्त्याच्या कडेला उभी आहे. तिथलं पीठ आपल्या इथल्यापेक्षा पातळ, कवच कागदासारखं. परत आल्यावर मी आमच्या किचनमधलं पीठ पातळ केलं, आणि बर्फाच्या भांड्यात ठेवायला लागलो, कारण पीठ जेवढं गार तेवढं ते तेलात पडल्यावर जोरात फुगतं.

घरी करणार असाल तर मासा सुपरमार्केटातून आणू नका. शनिवारी सकाळी डाउनटाउनला टूना हार्बर डॉकसाइड मार्केट भरतं, 2014 पासून, बोटवाले स्वतःच विकतात, अख्खे मासे, कल्ले उघडून बघता येतात, इथे आल्यापासून ह्याचीच आठवण येत असेल तुम्हाला. रॉकफिश घ्या, लाल किंवा तपकिरी, मोठ्या डोळ्यांचा, स्वस्त असतो आणि तळणीत अप्रतिम. डोकी-काटे ठेवून घ्या, टाकोच्या आधी कढण करा, त्यात दोन तिरफळं ठेचून टाकली तर आमच्याकडे कोणी नाही म्हणत नाही. आठच्या आसपास पोचा, दहानंतर चांगलं उरत नाही.